सोळाशे सीसीचे आबा

गाडी घ्यायची ठरली की आमच्या पेठेतला माणूस आधी बँकेत जातो, मग शोरूममध्ये, मग अंबाबाईला, आणि सगळे पैसे भरून झाल्यावर आबांकडे. हा क्रम चुकवून चालत नाही. पैसे भरायच्या आधी जे आबांकडे गेले ते अजून मोटरसायकलवर फिरतात.

तसं आबांचं मत मागायला कुणी जात नाही. मत आपण होऊन येतं. नवी गाडी गल्लीत शिरली, बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक अजून ओलं असलं, की आबा तालमीच्या कट्ट्यावरून उठतात, दोन्ही हात पाठीशी बांधतात आणि गाडीभोवती एक फेरी मारतात. दाराला हात लावत नाहीत, आत डोकावत नाहीत. मालकाची बायको पेढा पुढं करते. पेढा तोंडात टाकून आबा विचारतात, "सीसी किती?"

हल्ली या प्रश्नाला ठरावीक उत्तरं येतात. 1197, नाहीतर 1199. एखादा 998 म्हणतो, तेही जरा खालच्या आवाजात. आबा पेढा गिळतात, "रंग चांगला घेतलास," म्हणतात आणि कट्ट्यावर परत जातात. एवढ्यानं त्या माणसाची रात्रीची झोप उडते.

आबांची स्वतःची गाडी म्हणजे फियाटची पालिओ, 1.6 जीटीएक्स, गर्द लाल, 2002 च्या पाडव्याला घेतलेली. 1596 सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, शंभर घोडे. संकल्प सोडताना गोत्र सांगावं तसं आबा हे एका दमात सांगतात, आणि त्या काळी ते सांगण्यासारखं होतंही. तेव्हा लहान गाडी म्हणजे मारुती 800. तिच्यात चाळिशीच्या आसपासचे घोडे, तेही चढाला बायकापोरं बसली की निम्मे खाली उतरून चालायचे. अशात 2001 साली फियाटनं कुर्ल्याच्या कारखान्यातून पालिओ काढली आणि जाहिरातीला सचिन तेंडुलकरला उभं केलं. 1.2 ची पालिओ समंजस माणसांसाठी होती. 1.6 ची कुणासाठी होती ते कंपनीलाही नीट ठाऊक नसावं. कोल्हापूरला मात्र लगेच कळलं.

पुढच्याच वर्षी सचिननं कसोटीतल्या 29 शतकांशी ब्रॅडमनची बरोबरी केली आणि फियाटनं त्याला फेरारी दिली, सिल्व्हरस्टोनला, शूमाकरच्या हातून. त्या फेरारीवरची आयात जकात माफ करावी की करू नये यावरून देशभर गदारोळ झाला आणि शेवटी ती कंपनीनंच भरायचं ठरलं. हा सगळा प्रसंग आबा घरचं कार्य असल्यासारखा सांगतात. "सचिनला फेरारी, मला पालिओ. कंपनी एकच. फरक येवढाच, माझा टॅक्स मी भरला."

गाडी अ‍ॅव्हरेज किती देते, हे मात्र आबांना विचारायचं नाही. एकदा कुण्या पाहुण्यानं विचारलं होतं. आबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पैलवानाला कुणी इचारतंय का, दिवसाला बदाम किती लागतात म्हणून?" पाहुण्याला उत्तर मिळालं नाही, पण पेठेतल्या पेट्रोल पंपावरचा पोरगा ते बिनचूक सांगू शकतो. पालिओ दिसली की तो नोझल हातात घेऊनच उभा राहतो.

आबांबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगून टाकायला हवी. ते खोटं बोलत नाहीत. जुन्या गाड्यांचे भक्त सहसा आकडे फुगवतात, उतारावर गाठलेला वेग सपाटीवरचा म्हणून खपवतात. आबांचं तसं नाही. टॉर्क, गिअरचे दात, टायरचा नंबर, कुठल्या साली कुठला भाग बदलला, सगळं तोंडपाठ आणि सगळं खरं. गफलत वेगळ्याच ठिकाणी आहे. काय मोजायचं, हे ते निकाल लागल्यावर ठरवतात.

हे माझ्या लक्षात आलं ते त्यांच्या जावयामुळं. जावई हिंजवडीत नोकरीला. शांत, सरळ, आणि कुठलीही खरेदी करण्याआधी लॅपटॉपवर तक्ता मांडणारा. 2025 च्या सप्टेंबरात लहान गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला आणि त्यानं दसऱ्याला टाटाची नेक्सॉन घेतली, पेट्रोलची. दिवाळीला सासुरवाडीला आला तो गाडी घेऊनच.

कुंकू वाळलं होतं, पण आबांनी फेरी मारली. पेढा घेतला.

"सीसी किती, जावईबापू?"

"1199, मामा."

"आँ?"

"पण पॉवर 120 आहे."

कट्ट्यावरची पोरं हळूच जवळ सरकली. 100 आणि 120 यांतला फरक कोल्हापुरात शाळेत न गेलेल्यालाही कळतो. आबांनी जावयाकडं बघितलं, गाडीकडं बघितलं.

"टर्बो आसंल."

"हो."

"मग त्यातलं इंजिनचं किती आन् टर्बोचं किती?"

आणि त्यांनी तिथंच, गल्लीत उभ्या उभ्या, टर्बो म्हणजे काय ते समजावून सांगितलं. सायलेन्सरकडं निघालेला धूर वाटेत एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं, हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त जळतं, आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. एक शब्द चुकला नाही. पॉलिटेक्निकच्या मास्तरांनी टिपून घ्यावं इतकं नेटकं. आणि शेवटी म्हणाले, "म्हंजे उसनवारी. माझे शंभर माझ्या दावणीचे हायत. तुमच्या 120 मधले निम्मे धुराच्या जिवावर."

जावई म्हणाला, "टॉर्कपण 170 आहे, मामा. आणि तो खालच्या आरपीएमलाच मिळतो."

"सिलिंडर किती?"

"तीन."

"हां!" आबांनी पोरांकडं वळून बघितलं. खटला तिथंच निकालात निघाला होता. चार सिलिंडरात दोन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, हिशेब जुळतो. तिनात कुणीतरी एक जोडीदारावाचून राहतो, म्हणून गाडी थरथरते, हेही त्यांनी हाताची बोटं वरखाली करून दाखवलं. हेही बरोबरच होतं. जावयाची गाडी तेव्हा चालूच होती आणि ती थरथरत असल्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

जावयानं मग तक्त्यातला शेवटचा रकाना काढला. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पूर्ण पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी म्हणजे नेक्सॉन, 2018 साली. हे ऐकून काकूंनी लेकीकडं समाधानानं बघितलं. आबा काही न बोलता पालिओपाशी गेले, पुढचं दार उघडलं आणि लावलं. धप्प असा आवाज झाला. समोरच्या घराच्या वळचणीतली कबुतरं उडाली.

"ऐकलं?"

"काय, मामा?"

"पाच तारे."

एका बाबतीत मी आबांच्या बाजूनं आहे, ते नोंदवून ठेवतो. स्टीअरिंग. पालिओचं स्टीअरिंग तेलाच्या दाबावर चालतं, नव्या गाड्यांचं विजेच्या मोटरवर. विजेचं हलकं असतं, बाजारात गाडी लावताना करंगळीनं फिरतं, आणि पेट्रोलही वाचवतं, कारण तेलाचा पंप इंजिनाला सतत ओढावा लागत नाही. पण आबांची गाडी मी चालवलेली आहे. रस्ता कुठं खडबडीत आहे, कुठं नुकतं डांबर पडलंय, पुढचं डावं चाक पांढऱ्या पट्ट्यावर गेलंय, हे सगळं तळहाताला कळतं. वळणात शिरताना चाक हाताशी झटतं आणि वळण संपताना आपण होऊन सरळ व्हायला बघतं. चार हजारांच्या पुढं काटा गेला की इंजिनाचा स्वर बदलतो, घोगरा होता तो खणखणीत होतो, आणि साठीतला माणूस गिअर उशिरा का टाकतो ते समजतं. हे कुठल्याही तक्त्यात बसत नाही. आबांनी फक्त एवढंच म्हटलं असतं तर मी त्यांचा साक्षीदार म्हणून कुठंही उभा राहिलो असतो. पण आबांना साक्षीदार नको असतो, त्यांना निकाल हवा असतो.

तो त्यांना जीएसटीतसुद्धा सापडला. जावयाची गाडी स्वस्त झाली ती का, याचा त्यांनी तालमीत बसून पेपरातून अभ्यास केला. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोलला 1200 सीसीपर्यंत इंजिन, एवढं जमलं की 18 टक्के. यांतलं एक जरी ओलांडलं की 40 टक्के. नव्या लहान गाड्यांची इंजिनं 1197 आणि 1199 वर येऊन का थांबतात याचं हे कारण. 2006 पासून सरकारनं लहान गाडीची जी कुंपणं घातली त्यांना सगळ्या कंपन्या टेकून उभ्या आहेत. "एक सीसी," आबा बोट वर करून म्हणाले, "एक सीसी सरकारला भिऊन सोडला ह्यांनी." आणि मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांची पालिओ लांबीला चार मीटरच्या आत, पण इंजिन 1596. म्हणजे आज ती नवीन येती तर तिच्यावर 40 टक्के कर लागला असता. ज्या पंगतीत फॉर्च्युनर बसते त्या पंगतीत पालिओ. पुढचे आठ दिवस आबा भेटेल त्याला सांगत होते की सरकारनंच मान्य केलंय. तेवीस वर्षं जुन्या गाडीवर न भरलेला कर हा इतक्या अभिमानाचा विषय होऊ शकतो, हे अर्थमंत्र्यांच्याही ध्यानात आलं नसणार.

जावई चारच दिवस राहणार होता, आणि तक्त्यावर मिटत नाही म्हटल्यावर पन्हाळ्याला जायचं ठरलं. ठरवलं आबांनीच. कोल्हापुरातून वीसेक किलोमीटर, निम्मा रस्ता सरळ आणि वाघबिळापासून पुढं चढ, म्हणजे दोन्ही गाड्यांना समान न्याय. पालिओत आबा आणि पंच म्हणून मी. नेक्सॉनमध्ये जावई, मुलगी, नातू. काकू नवऱ्याच्या गाडीकडं निघाल्या होत्या, तेवढ्यात आबा म्हणाले, "चढाला एसी बंद करावा लागंल हां." काकूंनी वाटेतच दिशा बदलली.

केर्लीपर्यंत आबा पुढं होते, आणि ते पुढं असणं बघण्यासारखं होतं. पाठ ताठ, मान किंचित तिरकी, कान इंजिनाकडं. मागून नेक्सॉन शांतपणे येत होती. तिच्यात बहुधा कुणाला शर्यत चालू असल्याचं माहीत नव्हतं. नातू मागच्या काचेतून ऊस मोजत होता. केर्लीच्या पुढं एक ट्रॅक्टर आडवा आला. दोन ट्रॉल्या भरून ऊस, वर दोन गडी झोपलेले, आणि दणदणीत गाणी. आबांनी तिसरा टाकला, मग दुसरा, इंजिनला जरा वर येऊ दिलं, समोरून एसटी आली, थांबले, पुन्हा दुसरा. तेवढ्यात नेक्सॉन उजवीकडून आली, ट्रॅक्टरला ओलांडून गेली, आणि काकूंनी जाता जाता हात हलवला.

आबा बोलले नाहीत. ट्रॅक्टरवाला मात्र बोलला. आम्ही बरोबरीत आल्यावर त्यानं गाणी बारीक केली आणि ओरडला, "आबा, तुमच्याच रानातला हाय की!"

आम्ही वर पोचलो तेव्हा झुणका-भाकरीची ताटं समोर आली होती आणि काकूंची अर्धी भाकरी संपली होती. आबा खाली बसले, कांदा फोडला, आणि अगदी सहज विचारावं तसं जावयाला विचारलं, "वाघबिळापासनं हितंपत्तोर गिअर किती येळा टाकला?"

जावई विचारात पडला. "फारसा नाही, मामा. बहुतेक तिसऱ्यातच आली."

"मी सतरा येळा टाकला."

कुणीच काही बोललं नाही.

"म्हंजे गाडी चालवली कुणी? तुमी निस्तं बसलासा." आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "सतरा-शून्य."

मी पंच होतो. मी झुणक्याकडं बघत राहिलो.

त्या ट्रॅक्टरची गोष्ट एवढ्यावर संपली नाही. आबांचा पाच एकर ऊस आहे. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास ते जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जातात, पालिओ घेऊनच जातात, आणि साखरेबरोबर इथेनॉलच्या पैशातही शेतकऱ्याला वाटा मिळाला पाहिजे म्हणून घसा बसेपर्यंत घोषणा देऊन येतात. ते पोटतिडकीनं देतात आणि त्यात काही चूक नाही. उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल बनतं, तेल कंपन्या ते विकत घेतात, पेट्रोलमध्ये मिसळतात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ते वीस टक्के असतं. कारखान्याचे पैसे त्यामुळं लवकर सुटतात, असं आबाच मला सांगायचे.

परवा पालिओखाली ओलं दिसलं. पेट्रोलच्या नळीला बारीक चीर. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी नळी काढली, बोटात धरून वाकवली, वास घेतला. मिस्त्री आबांच्याच वयाचे. लेथवर जगातला कुठलाही पार्ट बनवून देतो अशी त्यांची ख्याती. ब्राझीलमध्ये पालिओ आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी वर्षं जास्त बनत राहिली म्हणून आबा तिथून एखादा तुकडा मागवतात, तो येईपर्यंत मिस्त्रींनी केलेला जोड बसवलेला असतो, आणि मग ब्राझीलचा तुकडा आबांच्या देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात जातो.

"वय झालंय रबराचं," मिस्त्री म्हणाले. "आन् त्यात आता ही इथेनॉलची भर. जुन्या रबराला मानवत न्हाई ते. सगळ्या नळ्या बदलून टाका, वायसरांसकट."

आबा भडकले. ते पाऊण तास भडकलेले होते. सरकार जुन्या गाडीवाल्याच्या मुळावर उठलंय, शंभर घोड्यांना दारू पाजतंय, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद कमी, म्हणजे पैसे पुरते आणि माल अर्धा, कुणाच्या डोक्यातनं निघालं हे. मिस्त्रींनी त्यांना बोलू दिलं. शेवटी हात पुसत विचारलं, "आबा, यंदा उसाला दर काय मागायलाय तुमी?"

आबांनी दोन मिनिटं नळीकडं बघितलं. मग म्हणाले, "ते वायलं."

असं वायलं त्यांच्याकडं बरंच आहे. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. 2022 साली एप्रिलच्या एक तारखेपासून त्याची फी 600 वरून 5000 वर गेली. एजंटनं त्यांना मार्चमध्येच सांगितलं होतं, आबा, आत्ताच उरकून घ्या. आबा म्हणाले, पाडव्याची गाडी हाय, पाडव्यालाच करायचं. त्या वर्षी पाडवा दोन एप्रिलला आला. काकू अजून तो हिशेब विसरलेल्या नाहीत. भाजीवाल्यानं दोन रुपये जास्त लावले की त्या म्हणतात, "लावा, लावा. आमी पाडव्याला चव्वेचाळीसशे सोडल्यात."

नळ्यांचं काम चालू असतानाच रांजणगावला जायचं निघालं. नातवाच्या आजारपणात काकूंनी महागणपतीला बोललेलं होतं. पालिओ उद्यमनगरात, पोटातली आतडी बाहेर काढून ठेवलेली. जावई पुण्याहून न्यायला आला. आबा पहिल्यांदाच नेक्सॉनच्या आत बसणार होते. त्यांनी दार उघडलं, बसले, लावलं. धप्प झालं. चांगलंच झालं. त्यांनी ते ऐकलं हे मी ऐकलं, पण ते काही म्हणाले नाहीत.

पुण्यापर्यंत त्यांनी पुढच्या सीटवर बसून बरंच काही शोधलं. मधला टीव्ही मोठा, म्हणजे ड्रायव्हरला बाहेर बघायला नको असं कंपनीचं मत दिसतंय. इको, सिटी, स्पोर्ट अशी तीन बटणं, म्हणजे गाडीला आपण कोण हे रोज सकाळी नव्यानं सांगावं लागतं. जावई "हो मामा" म्हणत चालवत होता. खंबाटकीत त्यानं एकदाही गिअर बदलला नसता तरी चाललं असतं, पण मला वाटतं त्यानं सासऱ्यासाठी म्हणून दोनदा बदलला.

दर्शन झालं. नवस फिटला. परतीला नगर रस्त्यावर येताना एमआयडीसीच्या फाट्यावर वाहनं थांबली होती, कारण मोठमोठे ट्रेलर वळत होते. ट्रेलरवर गाड्या. कोऱ्या, अंगावर पांढरं प्लॅस्टिक चिकटवलेल्या. आबांनी काच खाली केली.

"ह्या तर तुमच्याच गाड्या, जावईबापू."

"हो मामा, नेक्सॉन. इथंच बनतात."

"टाटाचा कारखाना पिंपरीला हाय न्हवं?"

"तो वेगळा. ही गाडी रांजणगावला बनते. फियाटच्या कारखान्यात."

जावयानं हे अगदी साधेपणानं सांगितलं. त्याच्या तक्त्यात हा रकाना नव्हताच. फियाटनं रांजणगावला कारखाना उभारला, 2007 च्या सुमाराला टाटा त्यात निम्म्याचे भागीदार झाले, फियाटच्या नावाच्या गाड्या 2019 च्या सुमाराला इथं बंद पडल्या, पण कारखाना चालू राहिला आणि टाटांची ही गाडी तिथंच तयार होते, एवढं त्यानं सांगितलं आणि ट्रेलर गेल्यावर गाडी पुढं घेतली.

आबा शिक्रापूर येईपर्यंत गप्प होते. काकूंनी मागून विचारलं, बरं वाटत न्हाई का. तेव्हा आबा म्हणाले, "गाडी बाजूला घ्या, जावईबापू. मी चालवतो."

तिथपासून कोल्हापूरपर्यंत आबांनी चालवली. पुण्याच्या गर्दीतून, कात्रजच्या बोगद्यातून, खंबाटकीतून. पहिल्या दहा किलोमीटरांत त्यांनी स्पोर्टचं बटण शोधलं. साताऱ्याच्या अलीकडं म्हणाले, "तीन सिलिंडरचं वजन कमी आसतंय. पुढचं तोंड हलकं ऱ्हातंय." कराडला म्हणाले, "टर्बो वाईट न्हाई. फियाटनं युनो टर्बो काढली हुती की इटलीत." नातवानं विचारलं, आबा, म्हणजे कुठली गाडी भारी? आबा म्हणाले, "एकाच घरातल्या दोघांत आसं इचारू ने, बाळा."

जावयानं आरशातून माझ्याकडं बघितलं. त्या बिचाऱ्यानं महिनाभर आकडे जमवले होते, 120, 170, पाच तारे, सगळे खरे, आणि ते एकाच्याही कामी आले नव्हते.

किणीच्या टोलनाक्यावर रांग होती. महामार्गाचं रुंदीकरण चालू, त्यात सुट्टीचा रविवार. आबांनी काच खाली करून कोपर बाहेर काढलं आणि शेजारच्या रांगेकडं बघायला लागले.

"ती डिझायर बघा. डिझेल, जुनी. इंजिन कुणाचं?"

"मारुतीचं," जावई म्हणाला.

"तेराशे सीसी मल्टीजेट. 1248. फियाटचं. मारुतीनं लायसन घेऊन बनवलं." हेही खरं होतं. 2020 ला मारुतीनं डिझेल बंद करेपर्यंत स्विफ्टपासून अर्टिगापर्यंत कितीतरी गाड्या त्या इंजिनावर पळाल्या, टाटांच्या व्हिस्टा आणि मांझा पळाल्या, शेव्हरोलेची सेलसुद्धा पळाली. आजवर आबा या सगळ्यांना एकाच शब्दात निकालात काढायचे: उसनं इंजिन. आता ते हात बाहेर काढून मोजत होते. ती अर्टिगा. तो झेस्ट, टॅक्सी पासिंगचा. पलीकडची व्हिस्टा, रंग गेलेली. तिच्यामागं दोन नेक्सॉन, एक एमएच 09, एक एमएच 12.

"आपल्या, आपल्या, आपल्या," आबा म्हणत होते. "लोक म्हंत्यात फियाट गेली. कुठं गेली?"

मागून हॉर्न वाजला. पुढची गाडी केव्हाच टोल ओलांडून गेली होती आणि आमच्यापुढं रिकामा रस्ता पडला होता. पुन्हा वाजला, लांबलचक. जावई म्हणाला, "मामा, पुढं घ्या, मागचा चिडलाय."

आबांनी आरशात बघितलं. मागं जुनी स्विफ्ट होती, डिझेलची.

"वाजवू दे," आबा म्हणाले. "घरातलाच हाय."